एक फुली

टाचेवरचा डाग मी दोन वर्षं डांबराचा समजलो.
जुन्या लाकडी स्लीपरांचं डांबर तसंच असतं,
साबणाने जात नाही, रॉकेलनेही नाही.
सिंधू म्हणाली, लाकडी स्लीपर जाऊन जमाना झाला,
डांबर आलं कुठून?
म्हटलं, आत मुरलेलं असेल.

आता तो डाग जळगावात एका बरणीत आहे,
बोरापेक्षा मोठा, उडदाच्या पापडापेक्षा लहान
असा माझ्या टाचेचा तुकडा.
डॉक्टर फालकांनी त्याच्या एका कडेला दोरा बांधून पाठवला,
तपासणाऱ्याला कळावं, बोटांची बाजू कोणती.
खड्ड्यावर मांडीची कातडी लावली.
मी विचारलं, टाचेला केस येतील का?
नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत,
म्हणाले, इतकी पातळ कातडी, नाही येणार.

सोळाव्या दिवशी रिपोर्ट. नात तेजलने वाचला.
जाडी एक पूर्णांक आठ मिलिमीटर.
वर जखम फुटलेली नाही. कडा मोकळ्या.

एक पूर्णांक आठ!
एकतीस वर्षं मी हेच केलं,
दुसखेड्याच्या पुलापासून सावद्याकडे
खांद्यावर हातोडा, हातात लाल-हिरवी झेंडी,
चावी सैल झाली का, रूळ किती झिजला, गेज किती सुटलं.
दोन मिलिमीटर म्हणजे काही नाही.
दोन मिलिमीटर म्हणजे कधी कधी
अख्खी मालगाडी केळीच्या बागेत.

उन्हाळ्याआधी यंत्रवाले यायचे.
रुळावर पाणी सोडत, यंत्र ढकलत
आतली चीर ऐकत जायचे.
एक लाल फुली : लक्ष ठेवा.
तीन फुल्या : तुकडा काढा, लगेच.
काढलेला तुकडा खडीवर पडलेला असे,
आम्ही उलटापालटा करून पाहायचो.
वरून आरशासारखा.

डॉक्टरांना म्हटलं, कडा मोकळ्या, तुकडा निघाला,
मग झालं ना?
म्हणाले, डाग निघाला. तो निघायच्या आधी
कुणाला पुढे पाठवलं का, ते बघायचंय.
म्हणून टाचेत निळा रंग टोचला होता,
तो चढत चढत जांघेतल्या ज्या गाठीत पहिला पोचला
ती गाठ काढली. पहारेकरी गाठ म्हणतात तिला.
(दोन दिवस लघवी निळी झाली, हे मात्र
कुणी आधी सांगितलं नव्हतं.
सिंधूला बोलावून दाखवली.)
गाठ नाशिकला गेली आहे. ती स्वच्छ निघाली
तर पहिली पायरी. नाहीतर तिसरी.
म्हटलं, आणि दुसरी?
फालक म्हणाले, तुमच्या गाडीला तिथे थांबा नाही.

मग चिठ्ठीच्या मागे त्यांनी शंभर ठिपके काढले,
पाच वर्षांनी यातले इतके असतील,
आणि थोड्यांवर पेन फिरवलं.
यातला मी कुठला?
ते गप्प राहिले.
घरी येऊन मोजले. एकशे दोन निघाले.

रात्री अडीचची मालगाडी जाते.
पूर्वी चाकांवरून सांगायचो, कुठली चावी उडालीय.
आता हात जांघेवर असतो.
बँडेज आत जड, ठणकतं.
कूलरचं पाणी संपल्याचा आवाज.
सिंधू कुशीवर वळते,
अजून मोजूनच राह्यले का? झोपा आता.

काल तेजलचं लाल स्केचपेन सापडलं.
बँडेजवर, बाजूला, एक फुली काढली.
तिच्यापुढे जागा ठेवली.
सिंधूने पाह्यलं. एकच का?
म्हटलं, बाकीच्या नाशिकहून येतील,
आल्या तर.
तिने हातातलं पेन काढून घेतलं,
टोपण शोधत बसली.